न निघणारं लेबल

दूध उतू गेलं, ओट्यावरून खाली ओघळलं, पातेल्याच्या बुडाला लागून जळलं, स्वयंपाकघरात काळसर धूर भरला, आणि तरी नवरा शेगडीपासून दोन हातांवर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसला होता. ती गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरत होती, तेव्हा तिला वरच्या मजल्यावरच वास आला होता. आधी वाटलं, शेजाऱ्यांचं काहीतरी लागलं असेल. मग दार उघडलं तर आपलाच धूर. कपडे पलंगावर फेकून ती आत धावली, गॅस बंद केला, पातेलं नळाखाली ढकललं आणि मागे वळून पाहिलं. नवऱ्याने पान उलटलं. धूर डोळ्यांना झोंबला तेव्हा कुठे डोळे चोळत म्हणाला, "काय झालं गं?" दूध गेलं त्याचं तिला काही वाटलं नाही. रविवार होता, दुसरं आणता आलं असतं. पण ज्या माणसाला अख्खी फॅक्टरी नाकसाहेब म्हणते, ड्रमचं झाकण अर्धा आटा सैल केलं की आत काय आहे ते जो सांगतो, त्याला दोन हातांवरचं जळकं दूध कळलं नव्हतं. "काही नाही, दूध लागलं जरा," ती म्हणाली. "हं, मला वाटलंच," तो म्हणाला, आणि ते 'वाटलंच' ऐकून तिची खात्री पटली.

नाकाची कीर्ती उगाच झाली नव्हती. फॅक्टरी धुण्यापुसण्याच्या रसायनांची. गंज काढायचं ॲसिड, ब्लीच, इंजिनांचं तेलकट उतरवायचं द्रावण, असं सगळं एकाच जातीच्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरायचं आणि मागच्या यार्डात रांगेने उभं करायचं. यार्डाला छप्पर नव्हतं. एका अंगाला खाडी, तिचा खारट वारा दिवसभर वाहणार. उन्हाळ्यात ड्रमला हात लावला तर चटका बसावा असं ऊन. पावसाळ्यात चार चार दिवस न उघडणारी झड. आणि वरून भरताना सांडलेल्या द्रावणाचे ओघळ, ते नेमके लेबलावरूनच वाट काढणार. लेबलं कागदाची. महिन्याभरात शाई पुसट व्हायची, दोन महिन्यांत कोपरे उठायचे, आणि मग एखाद्या दुपारी वारा सुटला की ड्रमांच्या पायथ्याशी लेबलांचा नुसता पाचोळा. बिनलेबलाचा ड्रम लॅबकडे पाठवायचा असा नियम होता, पण लॅबला दोन दिवस लागायचे आणि नाकसाहेबांना अर्धं मिनिट. तो यायचा, सगळ्यांना दहा पावलं मागे सारायचा. "तुमच्या घामाचा वास मधे येतो," असं म्हणायचा. झाकण सैल करायचा, डोळे मिटायचा, आणि नाव सांगायचा. नुसतं नाव नाही, कडक की सौम्य तेही, आणि एकदा तर कुठल्या महिन्यात भरलं तेही. ब्लीच काय, कुणालाही ओळखू येईल. पण एकाच रंगाच्या दोन ॲसिडांतलं कुठलं, हे त्याच्याशिवाय कुणाला जमलं नाही. मॅनेजर पाहुण्यांना यार्ड दाखवताना त्यालाही दाखवायचा. आणि ती? ती लेबल-खोलीत. लेबलं छापायची, मोजायची, यार्डात पाठवायची, गळून पडली की पुन्हा छापायची. तिला सगळे डिंकबाई म्हणत. चांगलं लेबल आणू या, असं तिने तीनदा लिहून दिलं होतं, आणि तिन्ही वेळा मॅनेजर हसून म्हणाला होता, "घरात एवढं नाक असताना लेबलाचं काय घेऊन बसलात, बाई?" त्या वेळी तिलाही थोडं बरंच वाटलं होतं, हे तिला आता आठवलं आणि स्वतःचाच राग आला.

त्या आठवड्यात तिने नवऱ्याची परीक्षा घेतली. चोरून, आणि करताना लाज वाटत होती. सोमवारी त्याच्या उशीखाली डांबराच्या गोळ्या ठेवल्या. तो शांत झोपला. मंगळवारी इंजिनाच्या द्रावणाची बाटली उघडी करून दाराशी ठेवली. त्याने तिच्यावरून पाय टाकून चपला काढल्या. बुधवारी तिने काही केलं नाही, नुसतं त्याच्याकडे पाहिलं. जेवताना तो विचारत होता, "आज काय काय छापलंस?" रोज विचारायचा. गेली दोन वर्षं रोज. संसाराची अठ्ठावीस वर्षं झाल्यावर नवऱ्याला बायकोच्या कामात गोडी वाटायला लागली, म्हणून तिने लेकीला फोनवर कौतुकाने सांगितलंही होतं. लेक हसली होती, "बाबा म्हातारे व्हायला लागले." आणि आता घास हातात तसाच राहिला. कशाची किती लेबलं छापली, कुठल्या तारखेची, कुठल्या रांगेत गेली, हे सगळं तो तिच्याकडून काढून घेत होता आणि दुसऱ्या दिवशी डोळे मिटून तेच लोकांना सांगत होता. दोन वर्षं ती घरबसल्या नाकसाहेबांचं नाक होती आणि तिला पत्ता नव्हता. आधी फार राग आला. कुणी आपल्याला अंधारात ठेवून कामापुरता मामा करावा, आणि तो आपल्याच ताटासमोर बसलेला असावा. मग रागाच्या मागून हसू आलं, आणि हसण्याच्या मागून भीती. कारण ती कधीमधी रजेवर असायची. कधी तिला नीट आठवायचं नाही. कधी रांगा बदलायच्या. अर्ध्या ड्रममध्ये दुसरा अर्धा ओतून एक भरलेला करायची यार्डात पद्धत होती. ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की पिवळा धूर निघतो आणि तो छातीत गेलेला माणूस परत उभा राहत नाही. एक दिवस तो डोळे मिटून चुकीचं नाव सांगेल आणि समोर जो ओतणारा असेल त्याचं घर बसेल. "ब्लीच ऐंशी," ती म्हणाली, "आणि सौम्य ॲसिड चाळीस. पूर्वेच्या रांगेत." तो मान हलवून जेवायला लागला.

सरळ विचारायचं का नाही, असं कुणी म्हणेल. तिनेही स्वतःला म्हटलं. पण नुसतं घर चालवायचं तर ते दोन माणसांत जमतं. मान सांभाळायचा तर कधी कधी एकानेच गप्प बसावं लागतं. लग्न झालं तेव्हा तो हमाल म्हणून लागला होता, सगळ्यांत खालचा. एका जुन्या फोरमनने त्याचं नाक हेरलं आणि त्याला हाताशी धरलं. पुढे जे मिळालं ते नाकामुळे: ही खोली, हे कपडे इस्त्रीचे, लोकांनी उठून खुर्ची देणं. नाकाने घरातही कमी केलं नव्हतं. लेक दीड वर्षाची असताना तो कामावरून आला, तिच्या टाळूला नाक लावलं आणि म्हणाला, "हिला ताप येतोय." अंग गार होतं. दोन तासांनी फणफणली. आणि तिच्या स्वतःच्या हाताला, लेबलांच्या खोलीतून आल्यावर, तो नाक लावून म्हणायचा, "आज जुना डिंक काढला वाटतं." तिला ते आवडायचं. दिवसभर गठ्ठे उचलून थकलेला आपला हात कुणीतरी वाचतंय असं वाटायचं. मग आठवायला लागली तर तिला कळलं, ते दोन वर्षांत झालं नाही. म्हणजे ती वाट बघत राहिली, तो म्हातारा झाला म्हणून सोडून दिलं, आणि तो बिचारा मात्र रोज तिच्या हाताजवळ येऊन काही न मिळाल्यासारखा परत जात होता. तिला त्याची फार दया आली. दया आली याचं वाईट वाटलं, कारण त्याला ती चालली नसती.

आणि मग मॅनेजरने नवीनच टूम काढली. नाकसाहेबांची निवृत्ती चार वर्षांवर आली, तेव्हा त्यांनी क्रेनवाल्याला वास शिकवावा. क्रेनवाला चाळिशीचा, शांत, दोन मुलींचा बाप. त्याला हा मान वाटला. तिला लेबल-खोलीच्या खिडकीतून दिसायचं: नवरा झाकण सैल करून त्याला पुढे वाकवतोय, क्रेनवाला छातीभर श्वास घेतोय, डोळ्यांत पाणी, खोकला, पुन्हा श्वास. ते बघताना तिच्या मनात पहिल्यांदा तो विचार आला, जो आधीच यायला हवा होता. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला मोठा ताप आला होता, त्यातच नाक गेलं असं ती धरून चालली होती. पण तीस वर्षं रोज दहा-वीस ड्रमांवर तोंड धरलं तर नाक उरेल कसं? नाकानेच नाक खाल्लं होतं. आणि आता दुसरं नाक रांगेत उभं होतं.

दोनच दिवसांनी पश्चिमेच्या रांगेत बिनलेबलाचा ड्रम निघाला. ती आदल्या दिवशी रजेवर होती, त्यामुळे नवऱ्याकडे बातमी नव्हती. ती डबा घेऊन यार्डात गेली. लोक दहा पावलांवर उभे, मधे नवरा, डोळे मिटलेले, आणि त्याच्या कपाळावर घाम. ओठ हलले, "गंजाचं..." एवढंच तिला ऐकू आलं. तिला ड्रमच्या बाजूने जाताना ब्लीचचा भपकारा आला, अगदी पोहण्याच्या तलावासारखा. ती न थांबता, हळू आवाजात म्हणाली, "अहो, ब्लीचपाशी काय उभे राहिलात, डबा गार होतोय." त्याने डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं. असं त्याने लग्नात पण पाहिलं नव्हतं. मग मोठ्याने म्हणाला, "ब्लीच. कडकवालं." लोक पांगले. दोघं भिंतीच्या सावलीत बसून जेवले. जेवता जेवता तो म्हणाला, "भाजीत मीठ बरोबर पडलंय." आता तिला कळलं की वास गेल्यावर त्याला जेवताना मिठाएवढंच काय ते उरलं असेल.

असं किती दिवस पुरणार? डबा घेऊन धावत जाणारी बायको हा काही फॅक्टरी चालवायचा मार्ग नव्हता. बिनलेबलाचा ड्रमच उरला नाही तर वास घ्यायची वेळच येणार नाही, एवढं साधं गणित होतं, आणि ते सोडवायचं काम तिचंच होतं. बावीस वर्षं जे काम हसण्यावारी गेलं, त्याच्याकडे तिने कंबर कसून पाहिलं. तीन कारखान्यांकडून नमुने मागवले. कागद पहिल्याच दिवशी बाद केला. त्यावर कितीही वार्निश चढवा, पाणी कडेने आत शिरतंच. उरल्या प्लास्टिकच्या फिल्म. एक चमकदार, एक मऊ, एक जरा खरखरीत. छपाईची रिबन मेणाची होती, ती द्रावणाने पुसली जायची. तिने राळेची मागवली. आणि डिंक सात प्रकारचे. यार्डात प्रयोग करायला परवानगी नव्हती, म्हणून तिने घरालाच यार्ड केलं. भरण्याच्या खोलीतून फुटक्या ड्रमचे तुकडे कापून आणले, साबणाने घासले, वाळवले, त्यांवर लेबलं लावली. काही गच्चीवरच्या पत्र्यावर उन्हात टाकली. काही मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवली. बादली न्हाणीघरात आणि तिच्यावर चिठ्ठी, 'ओतू नये'. काही बर्फाच्या कप्प्यात, काही प्रेशर कुकरच्या झाकणाखाली वाफेत. एक तिने नवऱ्याच्या स्कूटरच्या मडगार्डला लावलं. 'धोका: डोळ्यांना इजा होते' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेली स्कूटर घेऊन तो तीन महिने हिंडला आणि एकदाही विचारलं नाही की हे काय. लेक माहेरपणाला आली तेव्हा फ्रीज उघडून म्हणाली, "आई, वाटाण्यांच्या पिशवीवर गंज काढायचं ॲसिड लिहिलंय." "वाटाणे खा, लेबल सोड," ती म्हणाली. रोज संध्याकाळी ती एकेक तुकडा घ्यायची, नखाने कोपरा उचकटून बघायची, द्रावणात बुडवलेल्या बोळ्याने अक्षरं घासायची, वहीत टीप लिहायची. शाळेनंतर इतकं मन लावून तिने काही लिहिलं नव्हतं. चमकदार फिल्म उन्हात पिवळी पडून तडकली. मऊ फिल्म वाफेत आक्रसली. खरखरीत फिल्म, राळेची रिबन आणि पाचव्या नंबरचा डिंक: ही तिकडी मिठाच्या पाण्यात नव्वद दिवस राहूनही तशीच. एक्क्याण्णवाव्या दिवशी तिने तो तुकडा हातात धरला, नखाने ओढून बघितला, आणि एकटीच न्हाणीघरात हसली.

मॅनेजरने चाळीस ड्रमांची एक रांग दिली, ती पण वही बघून नाही. बाईंचं मन राखावं म्हणून. पावसाळा तोंडावर होता. लेबलं लागली, झड आली, आणि नवव्या दिवशी तिने खिडकीतून पाहिलं तर पहिल्याच ड्रमवर कोपरा फडफडत होता. दुपारपर्यंत अकरा. मॅनेजर छत्री घेऊन आला, एक लेबल चिमटीत धरून सहज ओढलं, ते आलं. "डिंकबाई," तो म्हणाला, "तुमचा नवा डिंक आमच्या जुन्याचाच भाऊ निघाला." लोक हसले. नवराही लोकांबरोबर हसला, तेवढं तिला जिव्हारी लागलं. लेबल-खोलीत येऊन ती स्टुलावर बसली. बादलीत नव्वद दिवस, आणि इथे नऊ? फिल्म तीच, डिंक तोच, पाणी तर उलट गोडं. अक्षरं बघितली, कोरी करकरीत. मग मागची बाजू बघितली. अंगठा फिरवला तर डिंक निसटत होता, चिकटण्याऐवजी सरकत होता. तिने ते लेबल नाकाशी नेलं. डिझेल. पावसाच्या, प्लास्टिकच्या, डिंकाच्या वासाखाली पातळसा, पण स्पष्ट, डिझेलचा वास. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. नवरा एका भरलेल्या ड्रमपाशी उभा होता, आणि मागच्या खिशातून फडका काढून त्याला वरपासून खालपर्यंत पुसत होता, घोड्याला खरारा करावा तसा, प्रेमाने. तो फडका ती अठ्ठावीस वर्षं बघत होती. घरी धुवायला तो कधी देत नसे. डिझेलचे चार थेंब टाकलेला फडका. ड्रमात आपलं तोंड दिसलं पाहिजे, अशी जुन्या फोरमनची शिकवण. लेबल लावायच्या आधी प्रत्येक ड्रम त्या फडक्याने पुसायचा. कुठल्याही डिंकाची काय बिशाद. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा: इतकी वर्षं लेबलं गळत होती ती त्या फडक्यामुळे, लेबलं गळत होती म्हणून नाक लागत होतं, आणि नाक लागत होतं म्हणून हा नाकसाहेब. स्वतःच्या हाताने त्याने स्वतःचं नाव कमावलं होतं आणि त्याच हाताने नाक घालवलं होतं, आणि त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी चहा झाल्यावर ती म्हणाली, "एक सांगू? रागावू नका." "सांग." "लेबलं तुमच्या फडक्यामुळे निघतात." तो रागावला. एवढा की कप बशीत आपटला. "तुझं लेबल टिकलं नाही, तर आता माझा फडका दिसला होय? उस्तादांनी दिलेली रीत आहे ती." "उस्तादांच्या वेळी लेबलं दोऱ्याने बांधायचे," ती म्हणाली. "कोण म्हणतं पण डिझेल आहे म्हणून?" तिने पदराआडून ते लेबल काढलं आणि अठ्ठावीस वर्षांची जीभ, तिला सवयच तशी, बोलून गेली, "हे घ्या, वास घेऊन बघा." शब्द तोंडातून सुटले आणि तिला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. त्याने लेबल हातात घेतलं. नाकाशी नेलं. डोळे मिटले, नेहमीसारखे. श्वास आत घेतला, पुन्हा घेतला, तिसऱ्यांदा घेतला. बाहेर कुणीतरी जिन्यावरून उतरत होतं, त्याची पावलं खालपर्यंत ऐकू आली. मग त्याने लेबल टेबलावर ठेवलं, डोळे उघडले आणि म्हणाला, "तूच सांग."

"डिझेल," ती म्हणाली.

तिला वाटलं होतं तो खचेल, पण त्याचे खांदे खाली आले ते ओझं उतरवल्यासारखे. "किती ड्रम पुसले असतील गं मी?" तो म्हणाला. "मोजू नका," ती म्हणाली. "तू कधीपासून ओळखलंस?" "दूध जळलं त्या दिवसापासून." "म्हणजे त्या दिवशी तू डबा घेऊन आलीस ते..." "तुम्ही रोज काय छापलं विचारायचात, तसंच ते." त्यावर तो हसला. ती पण हसली. दोघंही एकमेकांना फसवून थकली होती आणि आता फसवायला काही उरलं नव्हतं, याचा तिला इतका आनंद झाला की तिने पुन्हा चहा टाकला. दोघं डॉक्टरकडे गेली ती त्याच आठवड्यात. डॉक्टरने त्याच्या नाकात दिवा धरून पाहिलं आणि वाफांनी गेलंय, आता येणार नाही, असं सांगितलं. जिना उतरताना नवरा म्हणाला, "उद्यापासून क्रेनवाल्याला ड्रमवर वाकू देणार नाही." त्याने ते पाळलं. आपल्याला सर्दी आहे, ड्रम लॅबकडे पाठवा, शिकवणं नंतर बघू, असं सांगून मोकळा झाला. ती सर्दी पुरे सात महिने चालली. लोकांनी काढे सुचवले, मफलर दिले, एकाने तर नस्य आणून दिलं. मॅनेजर दोन दिवस लॅबची वाट बघून करवादायचा. नवरा रुमाल नाकाला लावून गप्प उभा राहायचा आणि ती खिडकीतून बघून ओठ दाबायची.

त्या चहाच्या दुसऱ्या दिवशीच सकाळी तो लेबल-खोलीच्या दाराशी आला होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा. "कसं लावायचं ते दाखव," म्हणाला. तिने दाखवलं: आधी साबणाच्या पाण्याचं कापड, मग स्पिरिटचं, मग कोरडं. सकाळच्या दवात लावायचं नाही, ऊन पडून ड्रम कोमट झाला की लावायचं. मधून दाबायला सुरुवात करून कडांकडे जायचं, म्हणजे हवा कोंडत नाही. आणि लावल्यावर एक पूर्ण दिवस शेडमध्ये, डिंक मुरेपर्यंत, यार्डाचं तोंड दाखवायचं नाही. तो एकेक गोष्ट परत म्हणून दाखवत होता. हात तर त्याचा होताच. जो माणूस तीस वर्षं ड्रम आरशासारखा पुसत आला, त्याला कोरडा पुसायला शिकवणं अवघड गेलं नाही. चाळीसही ड्रमांची लेबलं काढून त्याने नव्याने लावली, कुणाला न सांगता, उघडीप बघून, रोज चार-पाच ड्रम शेडमध्ये नेऊन, जेवणाच्या सुट्टीत. पाऊस पडला. पडतच राहिला. रोज सकाळी ती छत्री घेऊन त्या रांगेतून जायची, नखाने एकेक कोपरा बघायची, आणि कोपरा जागचा हलायचा नाही. पाऊस गेला, ऊन आलं. अक्षरं काळीच राहिली. खाडीच्या वाऱ्याने क्रेनच्या साखळीला गंज चढला, फाटकाचा रंग उडाला, मॅनेजरच्या गाडीचा पत्रा पोखरला. लेबलं तिथेच होती. मॅनेजरने काही बोलून दाखवलं नाही. पण एक दिवस सगळ्या यार्डासाठी तीच फिल्म, तीच रिबन, पाचवा डिंक, असा कागद सही होऊन तिच्या टेबलावर आला. तिने तो दोनदा वाचला. मग दार लावून घेऊन तिसऱ्यांदा मोठ्याने वाचला.

पुढच्या वर्षी, उन्हाळ्याच्या शेवटी, बोटीने परदेशी गेलेल्या मालातला एक ड्रम परत आला. तिकडच्या गिऱ्हाइकाला नको झाला होता. सहा महिने तो बोटींच्या डेकवर, धक्क्यांवर, कुठल्या कुठल्या गोदामांच्या बाहेर पडून होता. क्रेनवाल्याने तो यार्डाच्या मधोमध उतरवला तेव्हा सगळे बघायला जमले. निळा रंग उडून पांढुरका झालेला, अंगावर मिठाचे थर, एका बाजूला दोराचे काचे, पक्ष्यांची घाण. त्याची दशा बघून मॅनेजरच्या तोंडून सवयीने निघालं, "नाकसाहेब, सर्दी बरी झाली असली तर बघा जरा, काय आहे यात." लोक सवयीने दहा पावलं मागे सरले. ती दारातच उभी होती. नवऱ्याने झाकणाला हात घातला नाही. त्याने खिशातून कोरडं कापड काढलं, ड्रमच्या पोटावरचं मीठ पुसलं, आणि खालून लेबल निघालं. काळंभोर. चारी कोपरे जागेवर.

"मला वास येत नाही, साहेब," तो म्हणाला.

"अजून सर्दी?"

"सर्दी नाही. वासच येत नाही. तीन वर्षं झाली."

लोकांना वाटलं थट्टा करतोय. एकदोघं हसले आणि थांबले. मॅनेजरने चष्मा काढला. "तीन वर्षं? मग मधली दोन वर्षं तुम्ही सांगत होतात ते?"

"बायकोला विचारून सांगत होतो. चूक होती माझी, मोठी चूक. कुणाचा जीव गेला नाही हे माझं नशीब." त्याने क्रेनवाल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आता वाचतो." आणि त्याने वाचायला सुरुवात केली. ताठ उभा राहून, यार्डाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. मालाचं नाव, कडक, भरल्याची तारीख, बॅचचा नंबर, धोक्याची सूचना, डोळ्यांत गेल्यास काय करावं, कशात मिसळू नये, आणि तळाची बारीक ओळ, जी तिने स्वतः निवडलेल्या टाइपात छापली होती आणि जी आजवर कुणी वाचली नव्हती. कुठेही अडखळला नाही. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. आला तो नुसता अभिमान, बावीस वर्षांचा, एकदम, इतका की उभ्या उभ्या ती दोन बोटं उंच झाली असावी.

मॅनेजर पुढे आला. त्याने लेबलाच्या कोपऱ्याला नख लावलं, त्या पावसाळ्यात लावलं होतं तसंच, सहज. मग जरा जोराने. मग दुसऱ्या हाताने ड्रम धरून. "ओढा, साहेब," ती दारातून म्हणाली, "लाजू नका, जोर लावून ओढा." त्याचं नख मोडलं. तो बोट झटकत वळला. आधी तिच्याकडे, मग त्या निळ्या रांगांकडे पाहत राहिला: शेकडो ड्रम, प्रत्येकाच्या पोटावर नाव. क्रेनवाला खाली उतरून उभा होता. मॅनेजर थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "म्हणजे आता या यार्डात वास कोण घेणार?"

"कुणी नाही," ती म्हणाली.